‘कम बॅक’, ‘गो बॅक’ की नुसतं ‘बी बॅक’?

कॉल चालू होता आणि दारावर कुरिअरवाला आला. पलीकडे लंडनच्या एक बाई होत्या. मी घाईघाईत ‘वन मिनिट, आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलं आणि उठलो. सही करून परत बसलो तर बाई बुचकळ्यात पडलेल्या: ‘कमिंग व्हेअर?’ बरोबरच होतं त्यांचं. मी तर जात होतो! डोक्यात ‘आलोच हं’ होतं, त्याचंच इंग्रजी तोंडातून बाहेर पडलं.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी डोळे वटारते. ‘येतो’ म्हणायचं, फार तर ‘जाऊन येतो’. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की परतण्याबद्दल इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ आपसूक ‘कम’कडे वळते. मग ‘आय विल गो अँड कम’सारखी वाक्यं होतात. आपल्याला ती कळतात, इंग्रज बिचारा चक्रावतो.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणता शब्द घ्यावा अशी शंका आली, तर ‘बी बॅक’ घ्या. आपण मराठी माणसं तोच सगळ्यात कमी वापरतो आणि कामाला तोच सगळ्यात जास्त येतो.

‘आय विल बी बॅक इन फाइव्ह मिनिट्स’ या वाक्यात जाणंही नाही आणि येणंही नाही. पाच मिनिटांनी मी इथे असेन, एवढंच आहे, आणि समोरच्याला तेवढंच हवं असतं. ‘साहेब आले का?’ याला ‘इज ही बॅक?’ पुरतं. दार ढकलत ‘आलो गं’ म्हणतो, तिथे ‘आय अ‍ॅम बॅक’. त्याऐवजी ‘आय हॅव कम’ म्हटलंत तर व्याकरण चुकत नाही, पण एखादा अवतार प्रकटल्यासारखं वाटतं. आणि ‘लाइट आली!’? आपण बिनदिक्कत ‘लाइट हॅज कम’ म्हणतो. इंग्रजीत ‘द पॉवर इज बॅक’.

आपल्या ‘जाऊन येणे’ची गाठही या ‘बी’नेच सुटते. ‘तो साताऱ्याला जाऊन आला’ म्हणजे ‘ही हॅज बीन टू सातारा’. ‘ही हॅज गॉन टू सातारा’ म्हटलंत तर तो अजून तिकडेच आहे. ‘बॅक’ जोडलं तरी फरक तोच. ‘शी हॅज गॉन बॅक टू नागपूर’ म्हणजे बाई नागपुरात आहेत. ‘शी हॅज बीन बॅक टू नागपूर ट्वाइस’ म्हणजे दोनदा जाऊन आल्या, आत्ता इथे आहेत.

मग ‘कम बॅक’ कुठे? जिथे बोलावणं आहे तिथे. रुसून जिना उतरणाऱ्या माणसाला ‘कम बॅक!’ अशीच हाक मारतात, तिथे ‘बी बॅक’ चालत नाही. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हेही बोलावणंच. मराठीत ‘परत’ शब्द नसला तरी अडत नाही, विसर्जनाच्या वेळी भटजींच्या ‘पुनरागमनाय च’मध्ये तो येऊन जातो. इंग्रजीत मात्र ‘कम बॅक सून’ म्हणावंच लागतं. नुसतं ‘कम सून’ म्हटलं तर बाप्पा पहिल्यांदाच येतायत असं वाटेल. ‘कम अगेन’ पाहुण्याला निरोप देताना गोड लागतं, पण तेच प्रश्नाच्या सुरात म्हटलं की अर्थ होतो, ‘काय म्हणालात?’

‘कम’ आणि ‘गो’मधला फरक आपल्या येणं-जाण्यासारखाच आहे, त्यामुळे इथे कानावर भरवसा ठेवा. न्यू जर्सीतली मुलगी फोनवर आईला सांगते, ‘आय अ‍ॅम कमिंग बॅक इन डिसेंबर.’ फोन ठेवून तीच बातमी रूममेटला देताना म्हणते, ‘आय अ‍ॅम गोइंग बॅक.’ प्रवास एकच, ऐकणारा बदलला. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईत उतरलं, तेव्हा काळ्या झेंड्यांसोबत ‘सायमन गो बॅक’ची घोषणा झाली. ती मुंबईच्या युसूफ मेहेरअलींची म्हणून ओळखली जाते. ‘गो’ होतं म्हणूनच ती बोचली: तुझं घर तिकडे, तू तिकडे जा.

‘रिटर्न’ला वजन आहे. १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचल्यावर अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर ‘आय शॅल रिटर्न’ म्हणाले आणि २० ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्याच लेटे बेटावर खरोखर उतरले. त्यांना ते शोभलं. दूध आणायला निघताना शोभत नाही. अर्जात, तिकिटावर, नोटिशीत ‘रिटर्न’ वापरा, फक्त त्याला ‘बॅक’चं शेपूट लावू नका. ‘रिटर्न बॅक’ म्हणजे ‘परत परतणे’.

ऑफिसातलं ‘काइंडली रिव्हर्ट’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं. बाहेर ‘रिव्हर्ट’चा नेहमीचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणं असा आहे. परदेशी मेलमध्ये ‘रिप्लाय’ लिहा, किंवा उत्तराला वेळ लागणार असेल तर ‘आय विल गेट बॅक टू यू’. यातला ‘टू’ विसरू नका, त्याच्या जागी ‘अ‍ॅट’ पडला तर ती सूड घेण्याची धमकी होते! ‘कमबॅक’ जोडून लिहिलं की ते नाम, क्रिकेटवाल्यांचं. गांगुलीने डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला नाबाद ५१ केल्या, तो कमबॅक. क्रियापद हवं असेल तर दोन शब्द सुटे.

शब्द बरोबर निवडूनही वाक्य दोन ठिकाणी घसरतं. एक म्हणजे ‘मी परत येईन तेव्हा सांगेन’. आपल्याकडे दोन्हीकडे भविष्यकाळ, इंग्रजीत पहिल्या भागात वर्तमानकाळ: ‘आय विल टेल यू व्हेन आय गेट बॅक’. दुसरं आपलं ‘पर्यंत’. ‘सहापर्यंत येतो’ म्हणजे ‘बॅक बाय सिक्स’ आणि ‘सहापर्यंत बाहेर आहे’ म्हणजे ‘आउट टिल सिक्स’. ‘आय विल बी बॅक टिल सिक्स’ म्हटलंत तर सहानंतर तुम्ही पुन्हा गायब.

आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दारावर ‘बॅक इन टेन मिनिट्स’ अशी पाटी लावलीय. क्रियापदच नाही, त्यामुळे चुकायला जागाच ठेवलेली नाही. दहा मिनिटं कधीपासून मोजायची ते पाटी सांगत नाही, पण तो काही इंग्रजीचा दोष नव्हे.