पॅलिओ की घरचंच ताट? इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरातला हिशेब

भाचीचा फोन आला. "मावशी, दुपारी तीननंतर डोळे उघडे राहत नाहीत गं. ऑफिसात दोघींनी पॅलिओ सुरू केलंय. मीही करू का?" ती अंडी खाते, पण बाहेर. सासरच्या ओट्यावर अंडं फुटत नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पाच आठवडे हा आहार करून पाहिला होता. फोनवर हो-नाही सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. एका बाजूला पॅलिओ. दुसऱ्या बाजूला आपलंच पोळी-भाजी-वरणाचं ताट, फक्त शेव, जिलबी, मैदा आणि चहातली साखर वजा करून.

पॅलिओचा नियम असा: शेती सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण १०,००० वर्षांपूर्वी, माणसाला जे मिळत होतं तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा, बिया चालतात. धान्य, डाळी, कडधान्यं, दूध-दही, साखर आणि वरून घातलेलं मीठ चालत नाही. बटाट्यावरून पॅलिओवाल्यांतच भांडण आहे. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि ही कल्पना डॉक्टरांपर्यंत पोचली.

आदिमानवाचं नाव निघालं की आपल्या माळव्यातल्या माणसाला भीमबेटका आठवणारच. ते शैलाश्रय १९५७ मध्ये आपल्याच विष्णु श्रीधर वाकणकरांनी उजेडात आणले आणि तिथल्या भिंतींवर शिकारीची चित्रं भरपूर आहेत. पण चित्रात शिकार दिसते म्हणून जेवणात तेवढंच होतं असं नाही. जॉर्डनमध्ये चुलीच्या राखेत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले, ते १४,४०० वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे शेतीच्याही आधी माणूस रानटी धान्य दळून भाजत होता. तेव्हा 'आपलं शरीर धान्यासाठी बनलेलंच नाही' हे वाक्य कुणी फेकलं तर मान डोलावू नका.

आता आपल्या घरांतला खरा घोटाळा. "धान्य नाही ना? मग आपला उपासच की!" असं माझ्या जाऊबाई म्हणाल्या आणि मलाही क्षणभर पटलं. पण ताट मांडून बघा. दाण्याची आमटी बाद, कारण शेंगदाणा हा डाळींचा भाऊबंद. वरई बाद, ते भरड धान्यच आहे. राजगिरा धान्यासारखाच धरतात. दही, ताक, दुधातला रताळ्याचा कीस बाद. साबुदाणा कंदाचा खरा, पण तो नुसता पिष्ट, वर खिचडीत दाणे. उरतं काय? उकडलेलं रताळं, सुरण, केळं, काकडी, खोबरं. एकादशीला ठीक आहे, महिनाभर त्यावर ऑफिस करणं कठीण.

प्रथिनांचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. चार पोळ्या, दोन वाट्या वरण किंवा उसळ, दोन भांडी दूध-दही आणि मूठभर दाणे एवढ्यात ते जवळजवळ भरतात. पॅलिओत यातली एकही वस्तू नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. अंडी-मासे-मटण खाणाऱ्यांचं सहज जमतं. अंडीही न खाणाऱ्याने बदाम, भोपळ्याच्या बिया आणि भाज्यांवर निम्मा पल्ला गाठला तरी पुष्कळ, आणि बदामाचा भाव तुरीच्या डाळीच्या कितीतरी पट आहे. 'शाकाहारी पॅलिओ' नावाने जे विकलं जातं त्यात म्हणून गुपचूप डाळ परत येते. मग पॅलिओ कशाला म्हणायचं?

दुधासोबत कॅल्शियमही जातं. तीळ आणि पालेभाज्या नेमाने खाव्या लागतात. आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही: आयोडीन. आपल्याकडे ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून येतं. मीठ बंद, दूध बंद, किंवा 'नैसर्गिक' म्हणून सैंधव सुरू, तर थायरॉइडवाल्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता उत्साहाबद्दल, कारण भाचीचा प्रश्न तोच होता. पहिला आठवडा वाईट गेला: डोकं जड, चिडचिड, दुधाच्या चहाची आठवण. तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारची गुंगी गेली, पोट हलकं झालं, खोटं कशाला सांगू? नंतर मी मुद्दाम दुसरा महिना काढला. वरण-पोळी परत आणली, पण पोळ्या चाराच्या दोन, भाजी-कोशिंबीर दुप्पट, सकाळी पोहे-जिलबीऐवजी मोड आलेले मूग, चहा बिनसाखरेचा. दुपारी तेवढीच जाग राहिली. माझ्यापुरता निकाल लागला: गुंगी डाळीची नव्हती, शेव-जिलबीची होती.

पॅलिओचा एक गुण मात्र मानायला हवा. त्यात 'थोडीशी' नसते. घरच्या ताटात "चमचाभर शेव टाक गं" म्हणत कधी वाटी होते कळत नाही. ज्याला अर्धवट नियम पाळताच येत नाही, त्याला कडक नियम सोपा जातो. पण तो किती दिवस? स्वीडनमध्ये ७० लठ्ठ, पाळी गेलेल्या स्त्रियांवर दोन वर्षं अभ्यास झाला. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी नेहमीच्या शिफारशींच्या गटापेक्षा जास्त उतरली होती. दोन वर्षांनी तो फरक उरला नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळी-भात एकदम सोडला की साखर धोकादायक उतरू शकते. किडनीचा त्रास असेल तर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय नकोच.

भाचीला मी सांगितलं, आधी हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घे. यातलं काही कमी-जास्त असेल तर कुठल्याही आहाराने तीनची झोप जाणार नाही. सगळं ठीक निघालं तर महिनाभर सुधारलेलं ताट कर. तुझा दादा पुण्यात एकटा राहतो, मासे-अंडी स्वतः करतो, त्याला पॅलिओ करायचं तर खुशाल करू दे, आठ आठवडे पाहू दे. तुझ्या घरात मात्र वेगळा स्वयंपाक, वेगळं तेल (सोयाबीनचं आणि शेंगदाण्याचं दोन्ही बाद, म्हणजे माळव्यातला निम्मा किराणा बाद) आणि सासूबाईंशी रोजची वाटाघाट. ते तुझं तूच ठरव.

"आणि सराफा?" तिने इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराबद्दल विचारलं. थंडीत गराडू, म्हणजे तिथे तळून मिळणारा कंद, आले की मीही जाते. कंद नियमात बसतो, कढईतलं तेल बसत नाही. त्या पाच आठवड्यांत मी घरीच गराडू उकडून, तव्यावर खोबरेल तेलात परतून, लिंबू पिळून खाल्ला. वरून जीरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, भुरभुरलं. त्यात मीठ असतं, तेवढा नियम मी मोडला.