कॉल डाउन द हॉक: स्वप्नातनं वस्तू काढणाऱ्या पोराचं पुस्तक, सोलापुरात गच्चीवर वाचलेलं

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच.

मॅगी स्टीव्हॉटरचं हे पुस्तक आलं २०१९ ला, मी वाचलं यंदाच्या मे महिन्यात, रात्री अकरानंतर गच्चीवर, कारण त्याआधी गच्ची एवढी तापलेली असते की चादर अंथरून पण पाठ भाजते. आईने नाव वाचून विचारलं, हॉक म्हणजे ससाणा ना रे, पक्ष्यांचं पुस्तक आहे का. म्हटलं हो, तसंच कायतरी. आमच्या घरात एवढ्या उत्तरावर भागतं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल लागला तेव्हा, २०१८ च्या सप्टेंबरात, मी अकरावीत होतो आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर बाबांच्या आधी उचलून गादीखाली सारला होता, का ते मलाच नीट कळलं नव्हतं. त्यामानाने ससाणा म्हणजे बरीच प्रगती.

तर गोष्ट अशी की रोनन लिंच नावाचा पोरगा आहे, अमेरिकेत व्हर्जिनियात बापाच्या शेतावर राहतो, आणि स्वप्नात जे हातात धरेल ते जागा होताना सोबत घेऊन येतो. ऐकायला लई भारी वाटतं, पण पुस्तकात ते दुखणंच आहे. वस्तू घेऊन उठला की थोडा वेळ हातपाय हलत नाहीत, नुसता पडून बघत राहतो. घरापासून फार दिवस लांब राहिला, नाहीतर बरेच दिवस स्वप्न पाडलं नाही, की नाकाडोळ्यांतनं काळं कायतरी गळायला लागतं. आणि याचा बॉयफ्रेंड अ‍ॅडम शिकायला गेलाय हार्वर्डला. रोनन ठरवतो, आपण पण तिकडेच जागा बघून राहू. जातो. अ‍ॅडमच्या हॉस्टेलच्या खोलीत रात्री झोप लागते आणि हा उठतो तो खेकडे घेऊन, चावरे, जीव घेणारे खेकडे, खोलीचा पार चुराडा, आणि गुपचूप आपल्या शेतावर परत.

इथे मी पुस्तक पोटावर उपडं ठेवून अर्धा तास नुसता पडून होतो. या पुस्तकाला सगळे क्वीअर फँटसी म्हणतात, आहेच ते, पण रोननचं दुःख तो गे आहे हे नाहीच. घरात भावांना माहितीय, त्यावर रडारड नाही, घरच्यांसमोर थरथरत सांगायचा सीन नाही. त्याचं दुःख एवढंच की आवडता माणूस गाव सोडून पुढे गेला आणि याला गाव सुटत नाही. हे आपल्याला कोण समजावून सांगायला पाहिजे? सकाळची हुतात्मा एक्सप्रेस दर सोमवारी काय भरून नेते पुण्याला? माझ्या वर्गातली निम्मी पोरं हिंजवडीत आहेत. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. हार्वर्डला जाऊन अ‍ॅडमने गावाकडचा हेल पुसून टाकलाय हे रोननला कानाने कळतं, आणि मला आठवला आमचाच एकजण, पुण्यात चार महिने झाले आणि त्याच्या फोनवरच्या बोलण्यातला आपला सोलापुरी ‘बे’ गेला. भांडण नाही, काही नाही, नुसता ‘बे’ गेला.

दुसरी बाजू आहे हेनेसीची आणि मला ती रोननपेक्षा जास्त आवडली. ही पण स्वप्नवालीच, पण हिला एकच स्वप्न परत परत पडतं आणि दर वेळी उठते तेव्हा शेजारी तिचीच अजून एक प्रत पडलेली असते, जिवंत, तोच चेहरा, आणि हिच्या गळ्याभोवती गोंदलेल्या फुलांत एक फूल वाढतं. माळ पूर्ण झाली की खेळ खलास असं तिला वाटतं. या सगळ्या पोरी एकाच घरात राहतात, बाहेर सगळ्या मिळून एकच बाई म्हणून वावरतात आणि पोटासाठी मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या नकला काढून विकतात. पहिली प्रत जॉर्डन, ती तर मूळ हेनेसीपेक्षा शहाणी. आता नक्कल आणि अस्सल यावर सोलापूरकराला लेक्चर द्यायची गरज नाही, २००५ ला चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळूनसुद्धा बाहेर कुठेतरी विणलेला माल सोलापुरी म्हणून खपतोच. बाबा दुकानात चादर हातात घेतली की पहिल्यांदा उलटून बघतात, नक्षी दोन्ही बाजूंनी तीच आणि रंग उलटे दिसले की मगच भाव विचारायचा. पण जॉर्डनच्या बाबतीत ही परीक्षा चालत नाही. उलटून बघा नाहीतर सुलटून, ती अस्सलच निघते, फक्त हेनेसी मेली तर ती कायमची झोपणार एवढाच फरक. रोननच्या बापाने स्वप्नातनं आणलेल्या गाई अशाच झोपल्यात, बाप मेला त्या दिवसापासनं, गोठ्यात, श्वास चालू, अंग गरम, उठत कुणीच नाही. त्या गाई माझ्या डोक्यातनं अजून गेल्या नाहीत.

आपल्याकडे मानलेला भाऊ, मानलेली बहीण असतेच, राखी बांधली, विषय संपला. या पोरींचं मानलेलं घर तसं नाही. एकमेकींचा राग येतो, एकीच्या चुकीची किंमत सगळ्या भरतात, आणि तरी कुणी झोपेत ओरडली की बाकीच्या धावत येतात. गोड गोड कुटुंबाची अपेक्षा ठेवून वाचायला घेतलं तर निराशा होईल.

आता कापलेला स्टार. याआधी चार पुस्तकांची वेगळी मालिका आहे, २०१२ ते २०१६ मधली, रोनन आणि अ‍ॅडम तिथलेच. ती न वाचता चालेल म्हणतात लोक, पण नाही चालत, पहिली शंभर पानं नुसती कोण कुणाचा कोण यात जातात. स्वप्नवाल्यांना शोधून मारणारी एक टोळी आहे, जगाला आग लागणार आणि ती स्वप्नवालाच लावणार असं भाकीत झालंय म्हणून, त्यांची प्रकरणं मला रटाळ वाटली, दोनदा डुलकी लागली (खेकडे आले नाहीत). इंग्रजी वाकडंतिकडं आहे, एक वाक्य तीनदा वाचावं लागतं, कधी मजा येते, कधी वैताग. आणि शेवट म्हणजे शेवट नाहीच, ऐन वेळी दार आपटून बंद. पुढचे दोन भाग आलेत, २०२१ आणि २०२२ ला, त्यामुळे थांबावं तरी लागत नाही, पैसे तेवढे लागतात.

मागच्या रविवारी तो पुण्याचा आला होता, दोन दिवस राहिला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली. मंगळवारी सकाळी स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा पुस्तक पिशवीत चटणीशेजारीच टाकलं आणि म्हटलं तेलाचा डाग पाडू नको. गाडी दौंडला असताना मेसेज आला. ‘हे खेकडे काय प्रकार आहे बे.’