एका वावराला दोन जागले: घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस किती ठेवायचे?

सोयाबीन विकल्यावर चुलतभावानं पोरीच्या अभ्यासासाठी जुना कॉम्प्युटर घेतला. चार जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. देणाऱ्यानं 'डबल सुरक्षा' म्हणून दोन अँटीव्हायरस टाकून दिले. बटण दाबून चहा मांडायचा, तो पिऊन कप विसळून झाला तरी स्क्रीनवर चकरी फिरतेच आहे. "एक काढू का? पण कोणतं?" असं त्यानं विचारलं.

आधी दोन्ही ठेवण्याचं बघू. फाईल उघडताना तिला मधेच थांबवून तपासायची, हे अँटीव्हायरसचं मुख्य काम. दोन असले की एकच फाईल दोनदा थांबते. एकानं व्हायरस म्हणून बाजूला टाकलेली फाईल दुसरा परत उकरतो. कधी तर पहिल्यानं ओळखीसाठी जवळ ठेवलेले व्हायरसचे नमुने पाहून दुसरा त्यालाच चोर ठरवतो. जागलीला दोघं जण एकमेकांना न सांगता गेल्यासारखं आहे हे: डुक्कर राहते बाजूला अन् बॅटरीचा झोत एकमेकांच्या तोंडावर. त्यात दोघांचे अपडेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून. दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. या पर्यायाच्या बाजूनं बोलावं असं मला काही सापडलं नाही.

मग एकच ठेवायचा तर कोणता? विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, फुकट येतो. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो सहसा स्वतःहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत कामाला लागतो. साध्या घरगुती वापराला तो पुरतो, असं माझं मत. एक कमी मात्र आहे. त्याची बरीच ताकद इंटरनेटवरच्या तपासणीत आहे. आपल्याकडं लाईन गेली की नेट गेलं, आणि खरा धोका येतो तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेल्या पेनड्राइव्हमधून. तुमच्याकडं नेट आठवड्यातून एखाद्या वेळीच लागत असेल आणि पेनड्राइव्ह रोज फिरत असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसारखा विकतचा घेण्यात अर्थ आहे. अडलं तर फोनवर विचारता येतं, हाही फायदाच. फक्त दरवर्षी पैसे भरायची तयारी ठेवा. मुदत संपलेला अँटीव्हायरस नुसती जागा अडवतो, नव्या व्हायरसची ओळख त्याला नसते. तसा पडून असेल तर कंट्रोल पॅनलमधून काढा. तरी अवशेष राहिलेच, तर बहुतेक कंपन्या साफ काढायचं वेगळं टूल देतात.

दुसऱ्याचं मत हवंच असेल तर कायम जागत न बसणारा, बोलावलं तेव्हाच तपासणारा स्कॅनर घ्या. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर तसाच आहे. डाउनलोड केल्यावर दहा दिवसच चालतो, पुढच्या वेळी नवा घ्यायचा. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही चालेल, पण सुरुवातीची ट्रायल बंद करा, नाहीतर ती चालू असेपर्यंत तोही जागलीला बसतो. महिन्यातून एकदा, लाईन टिकणार असेल अशा वेळी लावा.

विंडोज १० चे नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोजलाच पडलेली भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही, मग ते एक असो की चार. मशीन ११ ला चालणारं असेल तर तो बदल आधी करा.

चुलतभावाचे दोन्ही काढले, डिफेंडर ठेवला. सातबारा, पोरीचे दाखले, बँकेचे कागद यांची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तो कॉम्प्युटरला लावून ठेवायचा नाही असं बजावलं. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून सोडवायला पैसे मागणारा व्हायरस, शिरला तर लावलेला पेनड्राइव्हही सोबतच कुलूपबंद होतो. वहिनीनं तो देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलाय.