कॅथलिक शिक्षकांची साधना: सात महिन्यांनंतरचा माझा अनुभव

जूनमध्ये मी कॅथलिक शिक्षकांसाठीच्या साधनेला, म्हणजे रिट्रीटला, जाऊन आले तेव्हापासून चारपाच जणींनी विचारलं की कसं होतं, पुढच्या बॅचला जावं का. तेव्हा मुद्दाम काही बोलले नाही, कारण रिट्रीटवरून आलेला माणूस आठ दिवस हवेतच असतो. आता सात महिने झाले, पहिलं सत्र गेलं, म्हणून लिहायले.

मी बीड जिल्ह्यात सातवी ते दहावीला गणित शिकवते, १९ वर्षं झाली. वर्गात ख्रिस्ती लेकरं कधी दोन, कधी एकही नाही. त्यामुळं हा कोर्स म्हणजे लेकरांना धर्म शिकवायचं ट्रेनिंग वगैरे नाही, ते आधीच सांगते, कारण स्टाफरूममध्ये पण तोच प्रश्न आला होता. हे आपल्यासाठीच आहे, आतून वाळून गेलेल्या मास्तर-मास्तरणींसाठी.

शाळा उघडायच्या आधी तीन दिवस निवासी, मग महिन्यातून एका शनिवारी दुपारी बैठक आणि रोज दहा मिनिटं आत्मपरीक्षण, एवढंच आहे सगळं. जेवण चांगलं, खोल्या स्वच्छ, पंखे कुईकुई करणारे. पहिल्या दिवशीचं मौन मला जडच गेलं, दिवसभर चाळीस लेकरांवर ओरडायची सवय असलेल्या बाईला गप्प बसवलं की डोकं दुखतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बरं वाटायला लागलं.

मोठी तक्रार एक आहे. सगळं मटेरियल इंग्रजीत! स्लाईड इंग्रजीत, हातात दिलेली पुस्तिका इंग्रजीत, बोलणारे मधूनमधून मराठीत यायचे आणि परत तिकडंच. आम्ही निम्म्याहून जास्त मराठी मिडियमचे, प्रार्थना आज्जीकडून शिकलेलो. माझ्या शेजारचे जालन्याचे एक सर हळूच म्हणाले, "ताई, हे करिझम करिझम काय लावलंय?" मला तरी कुठं माहीत होतं, मी म्हणलं असंल काहीतरी मोतीबिंदूचं. (नंतर कळलं, करिझम म्हणजे एखाद्या संताला किंवा संस्थेला देवानं दिलेली खास देणगी.)

आणि गंमत बघा, तिसऱ्या दिवशी एक सेशन संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांच्यावर. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. ते होते सतराव्या शतकातले, तेव्हा फ्रान्समध्ये लेकरांना वाचन आधी लॅटिनमधून शिकवायचे, या माणसानं ते बाजूला ठेवून गरिबांच्या लेकरांना थेट त्यांच्या फ्रेंचमध्ये वाचायला लावलं. हे आम्हाला सांगितलं इंग्रजीत. मी आणि जालन्याचे सर एकमेकांकडं बघून जे हसलो ते विचारू नका. अहो, फादर स्टीफन्स इंग्लंडचे, १६१६ साली गोव्यात राचोलला त्यांचं मराठी ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजारांच्या वर ओव्या, आणि आपल्याला चारशे वर्षांनी तीस स्लाईड मराठीत करायला जमंना.

आता जे खरंच उपयोगी पडलं ते. आत्मपरीक्षण. जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसच्या साधनेतलं आहे हे, १५४८ साली पोपनं मान्यता दिलेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकात पाच पायऱ्या दिल्यात: आधी आभार, मग स्वतःला नीट ओळखायची कृपा मागायची, मग उठल्यापासून तासातासानं दिवस आठवायचा, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्या काय सुधारायचं ते. पुस्तिकेतले इंग्रजी प्रश्न मी दोन आठवडे इमानदारीत सोडवले, पेपर लिहिल्यासारखं वाटायचं, आत काहीच हलायचं नाही. शेवटी शंभर पानी वही घेतली आणि घरी बोलतो तसं मराठीत लिहायला लागले, तेही घरी नाही, परतीच्या एसटीत. चाळीस मिनिटं मिळतात, अक्षर खड्ड्यांप्रमाणं वरखाली जातं, तरी चालतं. आमच्या पिरियडच्या जगाला ती तासातासाची पायरी बरोबर बसते.

नोव्हेंबरमधलं सांगते. सातवीतला एक पोरगा तीन दिवस वहीच आणंना. तिसऱ्या दिवशी मी त्याला पूर्ण तास दाराबाहेर उभं केलं. संध्याकाळी बसमध्ये पहिला तास, दुसरा तास करत तिसऱ्यावर आले आणि लिहिलं, "शिस्त लावली." मग पेन तिथंच थांबला. कारण आठवून बघितलं तर मी ओरडले होते, हात दाखवून बाहेर काढलं होतं, पण वही का नाही हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, हा आज्जीजवळ, आज्जीचं घरातच छोटं दुकान. मान खाली घालून म्हणतो, "बाई, आज्जीनं फुटाण्याच्या पुड्या बांधल्या." आधी हसू आलं मला. मग त्याला म्हणलं, चुकलं माझं. त्याला कुठं बघावं कळंना, खिडकीकडंच बघत बसला. वहीचं म्हणाल तर आता वर्गाच्या कपाटात ठेवतो.

हे काही रोज होत नाही. ऑक्टोबरात पेपर तपासणी आणि ऑनलाईन मार्क भरायच्या नादात अकरा दिवस पान कोरं गेलं, बऱ्याचदा नुसतं "दमले" लिहून झोपलेय बसमध्ये. राग पण काही गेलेला नाही, फक्त त्याच दिवशी दिसायला लागलाय, आधी मे महिन्याच्या सुट्टीत दिसायचा.

शनिवारच्या बैठका तशा बऱ्या. कोणी आलं तर रंगतात, पण दूरच्या गावाहून येणाऱ्यांना गाड्या नाहीत, सप्टेंबरच्या पावसात आम्ही तिघंच होतो. डिसेंबरात मात्र फादर म्हणाले स्लाईड ठेवा बाजूला, आणि फादर दिब्रिटोंच्या मराठी 'सुबोध बायबल'मधून योहानाच्या १३ व्या अध्यायातला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो भाग वाचला, आपले दिब्रिटो, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. जालन्याचे सर त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, आणि वीस मिनिटं बोलले.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क फक्त भाषेचा कापलाय, बाकीचा एक गाड्यांचा आणि पंख्यांचा. जाणार असाल तर पुस्तिकेवर भरवसा ठेवू नका, वही घेऊन जा, एकरेघी घ्या, चौकटीची नको, मी गणिताच्या सवयीनं चौकटीची घेतली आणि आता दर पानावर वाटतं की उत्तर काढायचंय.