विश्रामबागमधील दोन खुर्च्यांचे सलून

सलूनचे परीक्षण म्हटले की कटिंग कशी झाली, फेड नीट उतरला का, एसी आहे का आणि पैसे किती घेतले, एवढ्यावर ते बहुधा संपते. सांगलीच्या विश्रामबाग भागात, रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीतील दोन खुर्च्यांच्या सलूनबद्दल लिहिताना मी निराळा निकष लावणार आहे. आपल्याकडचा सर्वसाधारण पुरुष आरशात पाहतो ते भांग पाडण्यापुरते. मानेची मागची बाजू, कानामागची कातडी, हनुवटीखालचा भाग आणि टाळू यांच्याकडे त्याचे लक्ष वर्षानुवर्षे जात नाही. या सगळ्या जागा महिन्यातून एकदा-दोनदा, भरपूर उजेडात आणि अगदी जवळून पाहणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे दाढी-कटिंग करणारा कारागीर. त्याला काय दिसते, दिसलेले तो गिऱ्हाइकाला सांगतो का आणि कोणते काम करायला तो नकार देतो, यावरून मी सलूनची पारख करतो, आणि या पारखीत सांगलीत मी पाहिलेल्या दुकानांपैकी हे दुकान मला सर्वांत सरस वाटले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण दोन खुर्च्यांना आहे तेवढी गर्दी पुरे, ते छापू नका, अशी मालकांची विनंती आहे. त्या परिसरातील वाचकांना दुकान ओळखता येईलच.

दुकान वडील आणि मुलगा मिळून चालवतात. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, तिच्याखाली स्टीलच्या डब्यांची रांग, समोर दोन मोठे आरसे आणि पाठीमागे थांबणाऱ्यांसाठी लाकडी बाक, एवढाच सरंजाम आहे. सजावटीबद्दल यापेक्षा अधिक सांगण्यासारखे काही नाही.

दाढीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. नवे ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कागदातून काढून, मधोमध मोडून, त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात बसवला जातो आणि दाढी झाली की तो अर्धा तुकडा झाकणाच्या डब्यात टाकला जातो. ही रीत आता बहुतेक ठिकाणी आली आहे, पण उरलेला दुसरा अर्धा भाग कुठे ठेवतात, याकडे कोणी पाहत नाही. येथे तो पुन्हा कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत जातो. काउंटरवर उघडा पडलेला मला कधी दिसला नाही. कावीळ बी या आजाराचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही काळजी जास्तीची वाटणार नाही. मशीनच्या पात्यालाही हाच न्याय लावला जातो. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पाते ब्रशने झाडून स्पिरिटने पुसले जाते आणि वाळेपर्यंत दुसरे मशीन वापरले जाते. अनेक दुकानांत डेटॉलच्या पाण्यात कंगवा क्षणभर बुडवून काढला की झाले, असे समजतात. जंतुनाशकाला काम करायला काही वेळ द्यावा लागतो, हे या बापलेकांना पक्के माहीत आहे.

तुरटीचा मुद्दा कोणीच मांडत नाही, म्हणून मुद्दाम मांडतो. तुरटीने कातडी आकसते आणि बारीक कापल्यावर येणारे रक्त थांबते, हे खरे आहे आणि ती स्वस्तही आहे; परंतु ज्या खड्याने एकाच्या कापलेल्या हनुवटीवरचे रक्त थांबवले तोच खडा पुढच्याच्या गालावर फिरवण्याची पद्धत सर्रास चालते, ब्लेड नवे घेणारी दुकानेही यातून सुटलेली नाहीत. येथे तुरटीचे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवतात आणि कापले असेल तिथे कापसाने लावतात. एवढ्या छोट्या बदलाला एक पैसाही जास्त लागत नाही.

आपल्याकडे दाढी म्हणजे दोन हात, आधी सुलटा आणि मग उलटा, अशी सवय आहे आणि उलटा हात न मारल्यास पैसे वाया गेल्यासारखे गिऱ्हाइकाला वाटते. ज्यांचे केस कुरळे किंवा राठ आहेत, त्यांच्या बाबतीत हाच उलटा हात मानेवरच्या पुरळाचे मूळ ठरतो, कारण फार खालून कापलेला केस वाढताना वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि तिथे लाल, दुखरी पुळी उठते. वडील मालक आधी मानेवरून बोट फिरवून केसांचा रोख पाहतात आणि अशा पुळ्या दिसल्या तर उलटा हात मारायचे स्पष्टपणे नाकारतात. “दादा, थोडी खरखर राहू द्या, चार दिवसांनी मलाच दुवा द्याल,” असे ते एका तरुणाला सांगत होते. तरुण नाराज झाला, पण ऐकले. गिऱ्हाईक नाराज होण्याची तयारी ठेवून त्याच्या कातडीचे भले पाहणे, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

या दुकानाची खरी ओळख मला पटली ती तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या निमित्ताने. मान काळी पडली आहे, उन्हाने झाले असेल, डी-टॅन करून द्या, अशी त्यांची मागणी होती. मालकांनी मान उजेडाकडे वळवून पाहिली आणि हे ऊन नव्हे, असे सांगितले. उन्हाने काळवंडलेली कातडी कॉलरच्या कडेपाशी थांबते; ही काळी, जाडसर, मखमलीसारखी लागणारी आणि घड्यांमध्ये अधिक गडद झालेली होती. अकॅन्थोसिस निग्रिकन्स असे वैद्यकीय नाव असलेले हे लक्षण बहुतेक वेळा शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावल्याचे दाखवते आणि पुढे येऊ घातलेल्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना असू शकते. घासून, स्क्रब लावून किंवा ब्लीच करून ते जात नाही, उलट घासण्याने कातडी आणखी जाड होते. मालकांना ते नाव माहीत नव्हते, पण अशी मान असलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांना पुढे साखर निघालेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी डी-टॅनचे पैसे घेतले नाहीत आणि रक्तातली साखर तपासून घ्या, असे सांगून केवळ कटिंग करून पाठवले. मळ समजून वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या अशा माना आपल्या जिल्ह्यात किती असतील, याचा विचार करताना मला त्या नकाराचे महत्त्व अधिकच जाणवते.

गजकर्णाबाबतही ते असेच ठाम आहेत. दाढीच्या भागात किंवा मानेवर गोल, कडेला लाल आणि मध्ये निवळलेला चट्टा दिसला तर ते वस्तरा लावत नाहीत आणि कोणते मलम लावता, हे विचारतात. उत्तर बहुधा मेडिकलमधून आणलेल्या एखाद्या मिश्र मलमाचे असते, ज्यात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतून पसरत राहते आणि चेहऱ्याची कातडी पातळ, लाल आणि उन्हाला हळवी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच या औषधांच्या यादीत आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीस मनाई केली, तरी ती हातोहात मिळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कुस्तीच्या तालमींमधून येणाऱ्या मुलांना तर मालक आधी मान आणि कान दाखवायलाच सांगतात, कारण अंगाला अंग घासणाऱ्या या खेळात गजकर्ण एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. त्यांच्यासाठी टॉवेलही वेगळा काढतात. मिरज-सांगलीसारख्या डॉक्टरांच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ मिळणे अवघड नाही. त्याच्याकडे जा, असे सांगणारे कोणीतरी हवे असते.

मिशा आणि दाढी काळी करण्याच्या बाबतीत येथील शिस्त मला अन्यत्र आढळली नाही. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते आणि ज्यांना त्याची ॲलर्जी असते त्यांचे ओठ, पापण्या आणि गाल सुजून चेहरा ओळखू येईनासा होतो. झटपट काळी करणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीतही हेच रसायन असू शकते. प्रथमच डाय करणाऱ्याच्या कानामागे येथे थेंबभर डाय लावून दोन दिवसांनी यायला सांगतात. लग्नाला निघालेल्या माणसाला हे मानवत नाही आणि तो शेजारच्या दुकानात जातो. मालक त्याला अडवत नाहीत.

मान मोडून देण्याचेही ते नाकारतात. मसाज खांद्यापर्यंत आणि डोक्याला, तेलाने किंवा तेलाशिवाय, छान करतात. पण हनुवटी धरून मान झटक्याने फिरवणे त्यांनी बंद केले आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, ही गोष्ट अजूनही अनेक कारागिरांना आणि तो ‘कट’ असा आवाज ऐकल्याशिवाय खुर्चीवरून न उठणाऱ्या गिऱ्हाइकांना पटलेली नाही.

आता तक्रारी. साबणाचा ब्रश सगळ्यांना एकच वापरला जातो. तो गरम पाण्यात धुतात, परंतु केसांच्या ब्रशच्या मुळाशी फेस आणि ओल साचून राहते, त्यामुळे ब्लेडइतकीच काळजी येथेही घ्यायला हवी. मी फोम हाताने लावायला सांगतो आणि ते विनातक्रार लावतात, पण हे सांगावे लागू नये. पावडरचा पफही सर्वांना एकच असतो. दुसरी तक्रार मुलाबद्दल आहे. वडील ज्या गोष्टी नाकारतात त्यांतल्या काही मुलगा विकतो. चारकोलचा सोलून काढायचा पॅक, फळांचे फेशियल आणि ब्लीच अशी पॅकेजे त्याने आणली आहेत आणि त्यांचे दर फलकावर लिहिलेले नाहीत. ब्लीच हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या जोरावर चेहऱ्यावरची लव फिकट करते, त्याने कातडीचा मूळ रंग बदलत नाही. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर तर ते भाजल्यासारखी आग करते. फेशियलनंतर दिसणारी चमक बरीचशी मसाजामुळे वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते आणि लवकरच ओसरते. पाचशे-सातशे रुपये त्यावर घालवण्यापेक्षा तेवढ्यात सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनची एक ट्यूब येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सनस्क्रीनचा विषय निघाला की बाकावर बसलेली मंडळी हसतात, हे मी तिथेच पाहिले आहे. क्रीम लावणे बायकांचे काम, पुरुषाला अंगाचा साबण तोंडाला पुरे, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की एप्रिलच्या उन्हात दिवसभर खरड छाटणी करणारा बागायतदार वेलीवर कधी काय फवारायचे याचे काटेकोर वेळापत्रक पाळतो आणि स्वतःच्या चेहऱ्यासाठी टोपीसुद्धा विसरतो. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ३० असलेले सनस्क्रीन कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के आणि ५० चे सुमारे ९८ टक्के अडवते, म्हणजे महागडा आकडा गाठण्यापेक्षा पुरेसे लावणे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावणे जास्त उपयोगाचे. पुरुषांनी कातडीची निगा राखणे ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्या तालमीकडे पाहावे. तेथील मातीत हळद, ताक, तेल आणि लिंबू पिढ्यान्‌पिढ्या कालवले जात आले आणि ती माती अंगाला चोळण्यात कोणत्याही पैलवानाला कमीपणा वाटला नाही. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावातला पुरुष हळद अंगाला लावतो ती मात्र फक्त स्वतःच्या लग्नात. हळदीचे लेप रोज लावा, असे मी सुचवत नाही, काहींना त्याने जळजळही होते. पण शरीराकडे लक्ष देण्याची लाज आपल्या परंपरेत नव्हती, एवढे तरी मान्य व्हावे. या मालकांनीही सनस्क्रीनबद्दल बोलायला सुरुवात करावी, असे मी त्यांना सुचवले आहे. ते जे बोलतात ते लोक ऐकतात आणि डॉक्टरांच्या फलकापेक्षा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाजवळ सांगितलेले शब्द अधिक पोहोचतात.

दाढीचे ६० आणि कटिंगचे १०० रुपये होतात, लहान मुलांचे ८०. दुकान सोमवारी बंद असते, रविवारी सकाळी तासभर थांबावे लागते, आणि श्रावणात दाढी करणारे कमी झाल्यामुळे दुपारी लगेच खुर्ची मिळते. आधी फोन करून वेळ ठरवण्याची सोय नाही. जाणार असाल तर वडिलांच्या खुर्चीसाठी थांबा, मानेवर किंवा डोक्यात काही दिसते का असे स्वतःहून विचारा, आणि डाय करायचा असेल तर समारंभाच्या किमान तीन दिवस आधी जा.