पाचपैकी चार तारे: महाराष्ट्र विधानसभेची नियमावली

आमदार सभागृहात कसे वागतात यावर घरोघरी बोललं जातं, पण त्यांनी कसं वागायचं ठरलंय ते वाचलेली माणसं फार भेटत नाहीत. ते ‘महाराष्ट्र विधानसभा नियम’ या पुस्तकात आहे. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ते मराठीत मिळतं. मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल बायंडिंग करून घेतलं आणि पेन्सिलीने खुणा करत वाचलं. मतदान करणाऱ्या प्रत्येकाने निदान चाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. विधानमंडळ आमच्यापर्यंत पोचायचं ते पंचायत राज समितीच्या (पीआरसी) रूपाने, म्हणजे जिल्हा परिषदांचा कारभार तपासणाऱ्या आमदारांच्या समितीच्या. ‘पीआरसी लागली’ अशी बातमी आली की रात्री उशिरापर्यंत दिवे जळायचे. लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवालातल्या एकेका परिच्छेदाचं अनुपालन लिहायचं, जुनी प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) शोधायची, प्रश्नावलीची उत्तरं टंकून घ्यायची. साक्षीच्या दिवशी पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या मागे खातेप्रमुख आणि भिंतीला लागून फायली धरून आम्ही. एका शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं वजनकाट्यावर ठेवायला लावणारे आमदार मी पाहिले आहेत. जिल्ह्यात उत्तर पटलं नाही तर खात्याच्या सचिवांना मुंबईत विधान भवनात साक्षीला जावं लागतं. हा दरारा कुठून येतो? समित्यांच्या प्रकरणातून. कागदपत्रं मागवण्याचा आणि माणसांना बोलावून साक्ष घेण्याचा अधिकार तिथे लिहिलेला आहे.

म्हणून पहिल्या पानापासून वाचू नका, समित्यांपासून सुरू करा. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम या पैशाच्या तीन समित्या ठळक आहेतच. लोकलेखा समितीचं प्रमुखपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. मला मात्र आश्वासन समिती सर्वांत मोलाची वाटते. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘महिन्याभरात निर्णय घेऊ’ असं बोलून जातात, ते टिपून ठेवून पुढे काय झालं हे विचारणारी ही समिती. विनंती अर्ज समितीकडे तर साध्या नागरिकाचं गाऱ्हाणं पोचू शकतं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला आणि त्या योजनेसाठी विधानमंडळाची वेगळी समितीही आहे. पक्ष नावं देतात, अध्यक्ष नेमणुका करतात. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत विधानपरिषदेचे सदस्य तिथल्या सभापतींकडून येतात. कोणता आमदार कुठल्या समितीवर आहे, हे त्याच्या वाढदिवसाच्या फलकांपेक्षा जास्त सांगून जातं.

हे नियम करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 208 ने प्रत्येक सभागृहाला दिला आहे. स्वतःचे नियम होईपर्यंत आधीच्या प्रांतिक विधानमंडळाचे नियम चालवायची सोयही त्यातच आहे. मुंबई प्रांताच्या विधानसभेत 1937 पासून गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष होते, पुढे तेच पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. तेव्हा आपल्याकडची ही परंपरा बरीच जुनी आहे.

आता नियम 6 आणि 7. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची निवड गुप्त मतदानाने व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडीच्या काळात नियम समितीमार्फत दुरुस्ती आली आणि ही निवड खुल्या पद्धतीने करायचं ठरलं. हरकती-सूचनांची मुदत 10 दिवसांवरून 1 दिवसावर आणली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मार्च 2022 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. पुढे सरकार बदललं आणि 3 जुलै 2022 रोजी याच नव्या पद्धतीने सदस्यांची शिरगणती होऊन राहुल नार्वेकर 164 विरुद्ध 107 मतांनी निवडून आले. म्हणजे नियम बदलला एका बाजूने आणि त्यावर पहिला अध्यक्ष निवडला दुसरीने. खुलं मतदान मला मान्य आहे, माझ्या आमदाराने कुणाला मत दिलं हे मला कळलंच पाहिजे. पण मुदत कापण्याची घाई मान्य नाही. आमच्याकडे साध्या निविदेची मुदत कमी करायची तरी कारण नोंदवावं लागायचं.

नियम 53 सुद्धा नीट वाचा. गैरवर्तन करणाऱ्या सदस्याला अध्यक्ष त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात, त्याच अधिवेशनात पुन्हा तसं घडलं तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. 5 जुलै 2021 रोजी सभागृहाने ठराव करून भाजपचे 12 आमदार एक वर्षासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2022 रोजी अधिवेशन संपल्यानंतरही चालणारं ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. निव्वळ कार्यपद्धतीतल्या चुकीसाठी विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं अनुच्छेद 212 सांगतो, तरीही हा निकाल आला. कारण त्या 12 मतदारसंघांचा आवाजच वर्षभर बंद होत होता. हा निकाल शेजारी ठेवून नियम 53 वाचला तर नियमाची मर्यादा चांगली समजते.

चौथा तारा मी विधेयकांच्या चिकित्सेसाठी देते. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठी आणलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे समितीप्रमुख होते. लोकांकडून 12,000 हून अधिक सूचना आल्या. मीही पाठवली होती, तपासाचा अधिकार कुठल्या हुद्द्याला असावा याबद्दल. मूळ मसुद्यात तो पोलीस उपनिरीक्षकाकडे होता, समितीनंतर उपअधीक्षक दर्जापर्यंत वर गेला. कायदा म्हणून माझे त्यावर आक्षेप अजून आहेत, विरोधकांचेही आहेत. पण विधेयक समितीत गेलं म्हणून निदान एवढं बदललं, हे मान्य करायलाच हवं.

पाचवा तारा राखून ठेवला, कारण विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही हे सर्वस्वी सभागृहाच्या मर्जीवर आहे. बहुमत असलेल्या सरकारला वाटलं तर सकाळी मांडलेलं विधेयक दोन दिवसांत मंजूर. केरळ विधानसभेत 1980 पासून विषय समित्या आहेत, तिथे विधेयकं नेमाने त्यांच्यासमोर जातात. संसदेतही 1993 पासून खात्यांशी निगडित स्थायी समित्या आहेत. 288 आमदारांच्या आपल्या सभागृहाला हे अवघड नाही. त्यासाठी नियम समितीने एक दुरुस्ती आणावी, आणि या वेळी हरकतींना पूर्ण मुदत द्यावी.

भाषा कायद्याची आहे, एकेक वाक्य अर्धं पान चालतं. अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण बघताना पुस्तक जवळ ठेवा. कुणी ‘293 अन्वये चर्चा’ म्हटलं की ते पान काढा, लक्षवेधी लागली की तो नियम बघा, मग वाक्यं सुटी होत जातात. राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांनी विधानपरिषदेची नियमावलीही सोबत घ्यावी. ती वेगळी आहे, आणि तिथले नियम-क्रमांकही वेगळे आहेत.