रोजच्या ये-जा करण्यासाठी स्वस्त फ्लॅट-बार (सरळ हँडलची) रोड बाइक: काय बघून घ्यावी

गिअर किती, हे नंतर. आधी फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) ३२ मिमीचा टायर मडगार्डसकट बसतो का ते बघा. २५ मिमीच्या टायरात हवा जराशी कमी पडली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होते. कॅरिअरसाठी स्क्रूची भोकं हवीतच.

स्वस्त सस्पेन्शन फोर्क नकोच. वजन तेवढं वाढतं.

मागचं हब (चाकाचा मधला भाग) मात्र खोदून विचारा. ७ गिअरच्या फ्रीव्हील हबमध्ये (गिअरचक्रांचा संच हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो) उजवं बेअरिंग बरंच आत असतं, म्हणून जड सामान लादून खड्डे खाल्ले की अ‍ॅक्सल (हबमधून जाणारा दांडा) वाकतो, कधी तुटतोही. ८ गिअरचं कॅसेट हब (यात उजवं बेअरिंग टोकाजवळ असतं) याबाबतीत कितीतरी भक्कम, त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजा.

हँडल रुंद वाटलं तर कापता येतं. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून चालवून बघा.